‘नेल्सन’चं तिसरं उत्तर

फुफ्फुसाच्या कर्करोगावरचे शोधनिबंध बरेच आहेत. निव्वळ रचनेसाठी पुन्हा उघडावासा वाटतो तो ‘नेल्सन’चा. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या या चाचणीचा निकाल २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ५० ते ७४ वयाचे, सिगारेट ओढणारे किंवा सोडलेले १३,१९५ पुरुष. निम्म्यांचे कमी डोसचे सीटी स्कॅन झाले, निम्म्यांचे नाहीत. दहा वर्षांत या कर्करोगाने पहिल्या गटातले १५६ जण गेले, दुसऱ्यातले २०६. मृत्युदर २४ टक्क्यांनी उतरला, आणि सगळीकडे सांगितला जातो तो हाच आकडा. मला मोह पडतो तो या चाचणीच्या तिसऱ्या उत्तराचा.

२०११ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ४ मिलिमीटरची गाठ दिसली की स्कॅन पॉझिटिव्ह. त्यामुळे जवळपास चौथा हिस्सा स्कॅन पॉझिटिव्ह ठरले, आणि त्यांतल्या ९६ टक्क्यांत कर्करोग नव्हताच. ‘नेल्सन’ने व्यासाऐवजी घनफळ मोजलं. घन गाठ ५० घनमिलिमीटरच्या आत, म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी, तर काळजी नाही. ५००च्या वर गेली तर लगेच पुढचा तपास. मधल्या गाठींना उत्तर एकच : आज सांगता येत नाही, तीन महिन्यांनी परत या.

या ‘परत या’त किती विचार आहे ते एकाच गाठीवर पाहावं. ५ मिलिमीटरची गोल गाठ ६.३ मिलिमीटरची झाली, तर पडद्यावर मिलिमीटरभराचा फरक दिसतो. डोळ्यावर विसंबणारा तो सहज सोडून देईल. पण घनफळ ६५वरून १३० घनमिलिमीटरवर गेलेलं असतं, दुप्पट! ही दुप्पट ४०० दिवसांच्या आत होत असेल तर संशय पक्का. आणि तरीही घाई नाही : घनफळ २५ टक्क्यांपेक्षा कमी बदललं तर ती वाढ धरायचीच नाही, कारण श्वास थोडा कमी-जास्त भरला तरी मोजमाप तेवढं हलतं. स्वतःच्या मापाची चूक आधी ओळखून मगच निदानाकडे वळणारी ही शिस्त मला फार सुंदर वाटते.

पुन्हा बोलवायचं तर पहिल्या वेळी किरण जपून वापरायला हवेत. इथे डोस वजनावर ठरवला : ५० किलोच्या आतल्या माणसाला ०.४ मिलिसिव्हर्टपेक्षा कमी, ८०पर्यंत ०.८पेक्षा कमी, त्यावर १.६पेक्षा कमी. नेहमीचा छातीचा सीटी सातच्या आसपास जातो. डोस चौथ्या हिश्शावर आणला की चित्रातला रवाळपणा दुप्पट होतो. यकृतात असा रवाळपणा बारीकसारीक गोष्टी गिळून टाकतो. फुफ्फुस हवेनं भरलेलं, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर घन गाठ तरीही उठून दिसते. अवयवाचा स्वभाव ओळखून केलेली ही काटकसर आहे.

दोन जागा खटकतात. बायकांची संख्या जेमतेम २,५९४, त्यामुळे त्यांच्याविषयीचा निष्कर्ष डळमळीत राहतो. आणि शेवटच्या फेरीआधीचं अडीच वर्षांचं अंतर लांबलं. त्या काळात स्कॅनच्या मधेच उघड झालेले कर्करोग वाढले.

आपल्याकडे हा आराखडा वापरताना खरी परीक्षा मधल्या कप्प्याची होईल. टीबी होऊन गेलेल्या फुफ्फुसांत जुन्या गाठी राहतात. कॅल्शियम भरलेल्या असतील तर त्या तिथल्या तिथे बाजूला काढता येतात; न भरलेल्या मात्र ५० ते ५००च्याच गर्दीत येऊन बसणार, आणि तीन महिन्यांनी परत येणं ज्याला परवडत नाही अशा माणसालाही तेच उत्तर मिळणार. त्याच्या येण्या-जाण्याच्या खर्चाची आणि बुडालेल्या मजुरीची सोय आराखड्यातच धरायला हवी.