बेसबॉलचे बोलपट : श्रेष्ठ कोणता?

बेसबॉलवरील अमेरिकन बोलपटांत श्रेष्ठ कोणता, हा वाद रसिकांत नेहमीं रंगतो. आम्ही त्यास एकच कसोटी लावतों : खेळांत अटळ असणाऱ्या पराजयाशीं बोलपट किती प्रामाणिक राहतो?

'दि नॅचरल' (१९८४) हा बर्नार्ड मॅलमूड यांच्या १९५२ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरींत लांच पत्करलेला नायक अखेरीस पश्चात्ताप पावतो, परंतु निर्णायक क्षणीं बाद होतो. बोलपटांत मात्र त्याच्या टोल्यानें मैदानावरील दिवे फुटून ठिणग्यांचा वर्षाव होतो! प्रेक्षक सुखावतो, शोकांतिकेचा मात्र बळी जातो. 'फील्ड ऑफ ड्रीम्स' (१९८९) मन हेलावून सोडतो खरा. पण तेथेंहि गमावलेलें सारें चमत्कारानेंच परत मिळतें.

'बुल डरम' (१९८८) असा चमत्कार करीत नाहीं. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः दुय्यम संघांतून खेळलेले. त्यांचा नायक क्रॅश डेव्हिस वरच्या श्रेणींत अवघे २१ दिवस राहिलेला. ज्या उच्छृंखल तरुणास तो घडवितो तो वर चढतो, आणि क्रॅशला संघांतून निरोप मिळतो. पुढें तो दुय्यम श्रेणींत चेंडू मैदानापार टोलविण्याचा विक्रम करतो; त्याचा गाजावाजा होत नाहीं.

यांतील शृंगार व शिवराळपणा घरांतील सर्वांस रुचेल असें नाहीं. परंतु यश हुकलें तरी कसब व्यर्थ जात नाहीं, हें सत्य येथें गोड न करतां सांगितलें आहे. म्हणून आमचा कौल यासच.