आणि ते दोघे सुखाने नांदू लागले

कार्तिकात काशीच्या पंचगंगा घाटावर दिवस मावळला की उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या चढवतात. टोपलीत तेवता दिवा असतो. खालून दोरी ओढली की टोपली हेलकावत वर जाते आणि घाटाच्या माथ्यावर एकेक आकाशदिवा लागत जातो. वर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेलं बिंदुमाधवाचं देऊळ आहे, शेजारी धरहऱ्याची मशीद. मागे दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यातल्याच एका घरातली माझी भाची पायरीवर मोबाईल धरून बसली होती. पडद्यावर दोन थाई मुलगे एका टेबलाशी जेवत होते. एकाने दुसऱ्याच्या ताटातली मिरची न बोलता उचलून आपल्या ताटात घेतली.

“यांचं पुढे काय होणार, मला माहितेय मावशी,” ती म्हणाली.

“काय होणार?”

“एकत्र राहतील.”

हे तिने इतक्या सहज सांगितलं, की मी तिच्याशेजारी बसून तो भाग संपेपर्यंत पाहिला. नंतरचं वर्षभर अशाच थाई मालिका पाहत राहिले. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट मराठी प्रेक्षक म्हणून पाहताना माझ्या मनात सुरुवातीपासून एकच धास्ती असायची: यातलं कोण मरणार? माझ्या भाचीला ती धास्ती माहीतच नाही. थाई मालिकांनी केलेलं सर्वांत मोठं काम मला हे वाटतं.

या मालिकांचं मूळ जपानी चित्रकथांत आहे. त्या बहुतांशी स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिल्या. थायलंडमध्ये त्यांवरून आंतरजालावरच्या कादंबऱ्या आल्या आणि कादंबऱ्यांवरून मालिका. २०१४ची ‘लव्ह सिक’ ही सुरुवातीची गाजलेली मालिका, २०१६ची ‘सोटस’ त्यापुढची. २०२०मध्ये जग घरात कोंडलेलं असताना ‘टुगेदर’ यूट्यूबवर आली आणि हा प्रकार भारतातल्या मुलामुलींच्या मोबाईलवर पोचला.

यातलं पुष्कळसं काम सुमार आहे, हेही सांगायला हवं. तेच इंजिनिअरिंग कॉलेज, तेच पांढरे शर्ट, तोच दांडगा सीनियर आणि लाजरा ज्युनियर. मधेच पात्रं थांबतात आणि क्रीमची बाटली कॅमेऱ्याकडे वळवून तिचे गुण सांगतात. प्रेमात आड येणारी मुलगी हटकून दुष्ट असते. सुरुवातीच्या बऱ्याच मालिकांत नकाराला किंमत नाही, जबरदस्ती म्हणजेच उत्कटता असं मानलेलं आहे. ते पाहताना राग येतो आणि यायलाच हवा. आणखी एक वाक्य वारंवार कानावर येतं: मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस. ऐकायला ते गोड लागतं, पण ज्या माणसांची ही गोष्ट आहे त्यांचं अस्तित्वच ते नाकारतं. पडद्याबाहेर नटांच्या जोड्या लावल्या जातात. त्या जोडीने कार्यक्रम करतात, जाहिराती करतात आणि चाहत्यांना ते प्रेम खरं वाटत राहावं अशी काळजी घेतली जाते. त्या विशीतल्या पोरांवर याचं केवढं ओझं पडत असेल!

चांगल्या मालिका मात्र खरोखर चांगल्या आहेत, आणि मला दिसलं ते असं, की त्यांना गाव आहे. २०२०ची ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ फुकेतमध्ये घडते, तिथल्या चिनी वंशाच्या थाई वस्तीत. लहानपणी भांडून दुरावलेले दोन मित्र विद्यापीठाच्या प्रवेशासाठी चिनी भाषेच्या अभ्यासाला पुन्हा एकत्र येतात. त्यात एक प्रसंग आहे. त्या दोघांतला ओ-एव लाल ब्रेसियर घालून स्वतःला न्याहाळतो. आपण मुलगी असतो तर मित्राने आपल्यावर बिनधास्त प्रेम केलं असतं का, हा प्रश्न तो तोंडाने विचारत नाही, पण त्याच्या उघड्या खांद्यांवर तो सगळा दिसतो. कॅमेरा हसत नाही, चेकाळत नाही. एखादा मुलगा स्वतःच्या शरीराकडे इतक्या दुःखाने पाहताना मी पडद्यावर क्वचितच पाहिला आहे.

‘बॅड बडी’ने २०२१मध्ये शेजारच्या दोन वैरी घरांतले मुलगे घेतले आणि या प्रकाराच्या साचेबंद खोड्या एकेक करून टाकून दिल्या. पण मला सर्वांत जवळची वाटते ती २०२३ची ‘मूनलाइट चिकन’. पट्टायात कोंबडी-भाताचं छोटं दुकान चालवणारा चाळिशीचा जिम, भाड्याची आणि कर्जाची चिंता, घरात वयात आलेला भाचा. हा भाचा एका कर्णबधिर मुलाच्या प्रेमात पडतो आणि खाणाखुणांची भाषा शिकायला बसतो. बोटं चुकतात, पुन्हा लावतो. प्रेम म्हणजे दुसऱ्याची भाषा शिकण्याचे कष्ट, हे मला त्या बोटांनी समजावलं. इथे प्रेमाइतकंच महत्त्व उद्याच्या गल्ल्याला आहे.

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाले. ते श्रेय आधी तिथल्या कार्यकर्त्यांचं आहे. तरीही अशा गोष्टी घरोघरी पाहिल्या गेल्या, याचा काहीच उपयोग झाला नसेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा जाच दूर केला, पण १७ ऑक्टोबर २०२३ला विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला.

मराठीने हा विषय उशिरा घेतला असं मात्र कुणी म्हणू नये. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनात रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी सुमित्रा ऊर्फ मित्रा झाल्या. भारतीय रंगभूमीवर तेव्हा इतकं धीट नाटक दुसरं कुठलं होतं? पण मित्रा शेवटी जीव देते. अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषाशी असलेलं नातं आपल्याला बायकोच्या धक्क्यातून दिसतं. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाची डायरी वाचणारी आई बोलते. पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ उभा करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ लिहिली. (पंचगंगेच्या देवाचंच नाव त्यांचं.) सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्यावर प्रेम करतात आणि तो निघून जातो. ही कादंबरी २०२२मध्ये पडद्यावर आली तेव्हा पुण्याचं घर कोचीला गेलं आणि मराठी गळून पडली. हे सगळं गंभीर, प्रामाणिक काम आहे. त्यात प्रेम मात्र नेहमी प्रश्न म्हणून येतं, घरावर कोसळलेला. मिरची उचलून घेण्याइतकं साधं ते क्वचितच असतं.

म्हणून रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मला इतका मोलाचा वाटतो. २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागाचं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. आईला सगळं ठाऊक आहे. सुतक पाळणारं ते घर, माळरान आणि निवडुंगाचं ते काटेरी फळ, सगळं आपल्या ओळखीचं. थाई मालिकांतल्या उत्तम कामाच्या बरोबरीने, माझ्या मते त्याहून खोल, असं हे काम आहे. पण तो एक चित्रपट आहे, दोन तासांत संपतो. मालिका रोज घरात येते, आणि माणसाला सवय होते ती रोज येणाऱ्याची.

एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका याच काशीत, शके १४९५च्या कार्तिक पौर्णिमेला पुरी केली. त्याच पौर्णिमेला आज हा घाट देवदिवाळीच्या पणत्यांनी भरतो आणि थायलंडमध्ये लोक ‘लॉय क्राथोंग’चे दिवे पाण्यात सोडतात. इथली आमची मुलगी मात्र आपल्या मनातलं प्रेम थाई भाषेत ऐकते आणि इंग्रजी अक्षरांत वाचते. ते तिला घरच्या भाषेत मिळायला हवं.

मराठी वाहिन्यांसाठी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. संध्याकाळच्या मालिकेतल्या भरल्या घरात लग्नाला आलेला एक मुलगा असा लिहा, की ज्याचा मित्र रविवारी जेवायला येतो. त्यांना भांडू द्या, रुसू द्या, गौरी-गणपतीला आरास करू द्या. आईला कळायला शंभर भाग लागले तरी चालतील. शेवटच्या भागात त्यातल्या कुणाला मारू नका.