परिचित शब्दांचा अर्थ आणि विद्यार्थिकोश

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास दुर्बोध शब्दापेक्षा परिचित शब्दच अधिक चकवतो. विद्यार्थिकोशांचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावयास हवे. बंगालमध्ये अध्यापन व संशोधन केलेल्या मायकेल वेस्ट यांच्या १९३५ सालच्या कोशात सुमारे २४,००० नोंदींचे विवरण १,४९० शब्दांच्या मर्यादेत केलेले आहे. लाँगमनच्या १९७८ मधील कोशाने ही मर्यादा सुमारे २,००० शब्दांची ठेवली. अज्ञाताचा उलगडा ज्ञाताच्या साहाय्याने करावा, हे या पद्धतीमागील तत्त्व निर्विवाद होय.

तथापि सुबोध व्याख्या आणि निर्दोष प्रयोग यांत अंतर राहतेच. ‘वेअर’ हे क्रियापद पाहावे. ‘वस्त्र अंगावर असणे’ ही त्याची व्याख्या सोपी आहे, यथार्थही आहे. मराठीत मात्र लुगडे नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात आणि गजरा माळतात. ही विविधता फारशी बाधक नाही. अनेकांच्या जागी एक शब्द योजणे विद्यार्थ्यास सहज साधते. खरी अडचण अन्यत्र आहे. इंग्रजीत वस्त्र अंगावर चढविण्याची क्रिया ‘पुट ऑन’ने आणि ते अंगावर असण्याची अवस्था ‘वेअर’ने दर्शविली जाते. मराठीत ‘घालणे’ हे एकच क्रियापद दोन्ही कार्ये करते: ‘सदरा घालतो आहे’ ही क्रिया, तर ‘सदरा घातला आहे’ ही अवस्था. त्यामुळे ‘इज वेअरिंग’ म्हणावयाचे तेथे विद्यार्थी ‘हॅज वोर्न’ असे लिहितो. शब्दाचा अर्थ त्यास ठाऊक असतो. चूक काळाच्या योजनेत होते.

जॉन सिंक्लेअर यांच्या संपादकत्वाखाली १९८७ साली निघालेल्या कोबिल्ड कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात देऊन शब्दाचा कर्ता, कर्म व संदर्भ एकत्र दाखविले. हे पाऊल निश्चितच पुढचे होते. परंतु जगातील सर्व विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश मराठी भाषकाची ही विशिष्ट चूक कशी हेरणार? उलटपक्षी, १८४७ च्या मोल्सवर्थ-कँडी कोशाप्रमाणे मराठी प्रतिशब्द देणेही येथे अपुरे ठरते. कारण ‘घालणे’ हा प्रतिशब्दच या चुकीचे मूळ आहे.

सारांश, व्याख्या इंग्रजीतच असावी. परंतु जेथे दोन भाषांच्या सीमारेषा जुळत नाहीत, तेथे मराठीत दोन ओळींची टीप द्यावी. कोणत्या शब्दांना अशी टीप हवी, हे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील चुकाच सांगू शकतील.