डिंक कोणत्या झाडाचा?

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या राळेगावच्या घरी माळ्यावरून एक जुना रंगवलेला पाट निघाला. काठाला वेलबुट्टी, मध्ये दोन पोपट. घरातल्या एकीने तो ओल्या फडक्याने पुसला आणि एक पोपट फडक्यावर उतरला. पाण्यात सुटला म्हणजे रंग तेलातला नव्हता, डिंकातला किंवा सरसातला असावा, एवढेच मला सांगता आले. मग जुन्या चित्रवस्तूंवरचे मराठी लेखन काढून बसलो, तर तिथेही बहुतेक ठिकाणी गाडी याच थांब्यावर उभी होती. ‘नैसर्गिक रंग आणि वनस्पतिजन्य डिंक’ असे लिहिले की विषय संपतो.

आमच्याकडे नुसता ‘डिंक’ कोणी म्हणत नाही. बाभळीचा, धावड्याचा, सालईचा, कडईचा असे विचारावे लागते. लाडवांसाठी कोणता घ्यायचा यावर घरोघरी मतभेद आहेत. बाभळीचा पाण्यात विरघळतो, कडईचा फुगून बसतो, सालईचा राळेकडे झुकतो. एवढा भेद किराणा दुकानात पाळला जातो आणि कलेच्या इतिहासात मात्र पाळला जात नाही, हे मला खटकते.

अजिंठ्याचेच पाहा. ‘पानाफुलांचे रंग’ हे वाक्य सहलीला गेलेले प्रत्येक मूल ऐकून येते. तिथले रंग मुख्यतः खनिज आहेत: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, लाजवर्द, काळा तेवढा काजळीचा. वनस्पती आहे ती गिलाव्यात, भाताचे तूस आणि तंतू या रूपाने. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवले. जुना तुकडा आणि ताजे झाड शेजारी ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली. झाडाचे नाव घ्यायचे ते असे.

रंग धरून ठेवणाऱ्या बंधक द्रव्याचा प्रश्न याहून अवघड आहे. आपले अभ्यासक इथे लगेच ग्रंथ उघडतात. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त म्हशीचे कातडे उकळून केलेला वज्रलेप सांगितला आहे, तो खराच. पण हा ग्रंथ बाराव्या शतकातला, आणि अजिंठ्याची बरीचशी चित्रे पाचव्या शतकातली. सातशे वर्षांनंतरची कृती हा पुरावा होत नाही, फार तर शोधाची दिशा होते. त्यात १९२०च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा थर दिला. तेव्हा आज भिंतीवरच्या कणात एखादे सेंद्रिय द्रव्य सापडले तर ते चित्रकाराचे की दुरुस्ती करणाऱ्याचे, हे आधी ठरवावे लागते.

प्रयोगशाळा हे कसे ठरवते? इन्फ्रारेड वर्णपटाने ‘हे शर्करावर्गातले, हे प्रथिनवर्गातले’ एवढे साधारण कळते. झाड कळत नाही. त्यासाठी कण आम्लात फोडून त्यातल्या साध्या शर्करा गॅस क्रोमॅटोग्राफीने वेगळ्या करतात. बाभळीच्या डिंकात अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज ठळक दिसतात. धावड्यात त्यांच्या जोडीला मॅनोज येते. चिंचोक्याच्या खळीत ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज. ऐकायला सोपे वाटते, पण कागदाचा तंतू स्वतःच ग्लुकोज देतो, लाकूड झायलोज देते, बुरशी आणखी काही मिसळते. वस्तूचा न रंगवलेला भाग सोबत तपासला नसेल तर अशा निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

महाराष्ट्रात यासाठी सर्वांत चांगली वस्तू माझ्या मते सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी संचात १२० गोल पाने. परंपरेने कापडावर किंवा कागदावर चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे अस्तर, त्यावर डिंकातले रंग, वरून लाख. एका नखाएवढ्या जागेत तीन थर आणि तीन वेगळी द्रव्ये! पानाचा कण सरसकट कुटून तपासला तर उत्तर ‘मिश्रण’ येईल, आणि ते निरुपयोगी. छेद घेऊन थर वेगळे पाहिले पाहिजेत. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, त्यामुळे आज नव्याने केलेले, कृती माहीत असलेले पान तुलनेला मिळू शकते. ही सोय अजिंठ्याला नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. वरची लाख स्पिरिटने निघते, खालचा डिंक पाण्याने सुटतो, खळ ओलाव्याने फुगते आणि कसर-झुरळांना आवडते. साफसफाई करणाऱ्याच्या हातात कोणती बाटली असावी हे या उत्तरावर ठरते. म्हणून संग्रहालयातल्या पाटीवर ‘वनस्पतिजन्य डिंक’ लिहिण्यापेक्षा ‘बंधक तपासलेले नाही’ असे लिहिलेले मला परवडेल.

आमच्या पाटावर दुसरा पोपट आहे. त्याच्या शेपटीजवळ एक पापुद्रा सुटला होता. तो काचेच्या कुपीत ठेवला आहे. लाकडाचा एक कोरा कपचाही सोबत ठेवला आहे. पाट आता माळ्यावर नाही, कपाटात आहे, आणि यंदा आवराआवरीच्या आधीच किल्ली मी खिशात घातली.