डाग दिला म्हणजे मन बधिर होतं?

आजी गेली तेव्हा मी टोरंटोत होते. अंत्यविधी व्हॉट्सॲपवर बघितला, फोन ठेवला आणि लॅबमध्ये गेले. मैत्रिणीनं विचारलं तर म्हणाले, “मी ते सगळं कॉटराइझ करून टाकलंय.” म्हणजे डाग देऊन बंद. तेव्हा हे रूपक मला फार हुशारीचं वाटलं होतं. आता वाटतं, ते चुकीचं आहे.

पहिली चूक वैद्यकातली. ऑपरेशनमध्ये डाग देतात तो मुख्यतः रक्त थांबवायला. १९२६ साली बॉस्टनमध्ये हार्वी कुशिंगनं बोवीचं विजेचं यंत्र वापरलं, तेही त्यासाठीच. बधिर करायला वेगळं इंजेक्शन लागतं. कॅनडातले डेंटिस्ट त्याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात. आधी गोठवायचं, कारण भाजलं की दुखतं!

दुसरी चूक भाषेची. मराठीत ‘डागण्या देणं’ म्हणजे दुखावणं. त्यात बधिरपणा कुठेच नाही. काही वाटेनासं झालं तर आपण म्हणतो मन निबर झालं, घट्टे पडले. आणि घट्टा एका दिवसात पडत नाही.

तिसरी चूक मला मॉन्ट्रियलनं दाखवली. टीव्हीवरचं ते ‘हेरिटेज मिनिट’ आठवतं? ऑपरेशन टेबलावर जागी असलेली बाई, जिला टोस्ट जळल्याचा वास येतो? त्यातले डॉक्टर म्हणजे वाइल्डर पेनफिल्ड. १९३४मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली ती त्यांनी. फिल्म छान आहे, पण आपल्या लक्षात राहतो तो फक्त वास. मागचं काम निसटतं. पेनफिल्ड मेंदूवरच्या व्रणांचा अभ्यास करत होते. जखम भरते, व्रण राहतो, आणि पुढे कधीतरी त्याच्याच आसपासून अपस्माराचे झटके उठू शकतात. म्हणजे बंद झालेली जागा शांत असेलच असं नाही. आणि काही कापण्याआधी ते मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून जाग्या पेशंटला विचारत, आत्ता काय जाणवतंय?

मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नाही. मग दोन वर्षांनी ब्रॅम्प्टनच्या एका दुकानात मेथीची जुडी हातात घेतली आणि तिथेच उभी राहून रडले.

तेव्हा रूपक हवंच असेल तर डागाचं नको, व्रणाचं घेऊ या. व्रण म्हटलं की निदान कुणीतरी विचारतं, अजून दुखतं का?