सेन्सेई, आपण कुणाकडे शिकलात?

(मुकुंदवाडी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज समीक्षा करायची आहे, पण पुस्तकाची नाही. आज आम्ही एका फ्लेक्सची समीक्षा करणार आहोत. (हशा) हसू नका, बरं का. जालना रोडवरून मुकुंदवाडीत वळलं की असे फ्लेक्स तुम्हीही बघता. जून लागला, शाळा उघडल्या, की खांबाखांबावर ते दिसायला लागतात. वर ठळक अक्षरांत ‘पारंपरिक शोतोकान कराटे’. मध्ये काळा पट्टा बांधलेला माणूस, एक पाय हवेत. खाली मजकूर: ब्लॅक बेल्ट, पाचवी डान. राष्ट्रीय सुवर्णपदक विजेते. आंतरराष्ट्रीय पंच. अनुभव वीस वर्षे. शेवटी फोन नंबर. हा कुठल्या एका क्लासचा फ्लेक्स नाही. दहा-बारा ठिकाणचे वाचून आम्ही मनाशी केलेला नमुना आहे, तेव्हा कुणी अंगावर ओढून घेऊ नये.

या चार ओळी म्हणजे प्रशिक्षकाचा परिचय. त्या वाचून एका आईला ठरवायचं असतं की आपली नऊ वर्षांची लेक रोज संध्याकाळी तासभर या माणसाच्या हवाली करायची की नाही. म्हणून त्या नीट वाचल्या पाहिजेत. आणि नीट वाचल्या तर लक्षात येतं की सगळ्यात महत्त्वाचं तेवढंच त्यात नाही.

आपल्याकडे तालमीत नवा गडी आला की पहिला प्रश्न काय असतो? ‘कुणाचा पठ्ठा?’ वजन किती, कुस्त्या किती मारल्या, हे नंतर. गणपतराव आंदळकर १९६० सालचे हिंदकेसरी. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी कित्येक पैलवान घडवले. त्यांच्या हाताखालचा पोरगा कुठल्याही गावच्या मैदानात उतरला की ‘आंदळकर वस्तादांचा’ एवढं सांगितलं तरी पुरायचं. वस्तादाच्या नावात मेहनत कशी झाली असेल, शिस्त कशी असेल, हे सगळं यायचं. आपल्या फ्लेक्सवर वस्तादाचं नाव नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द मात्र सगळ्यात मोठ्या टायपात.

आता ती परंपरा बघू. शोतोकान ज्यांच्या नावानं चालतं ते गिचिन फुनाकोशी. जन्म १८६८, ओकिनावा बेटावरचं शुरी गाव. लहानपणी अगदी अशक्त पोर. ‘शोतो’ हे त्यांचं कविता लिहिण्याचं टोपणनाव. वाऱ्यानं पाइनच्या झाडांत होणारी सळसळ, असा त्याचा अर्थ. ‘कान’ म्हणजे वास्तू. शिष्यांनी वर्गणी काढून तोक्योत डोजो बांधला आणि त्याला सरांचं टोपणनाव दिलं. पुढे तेच नाव शैलीला चिकटलं. फुनाकोशींनी स्वतः शैलीला नाव दिलं नव्हतं.

या गृहस्थांची पार्श्वभूमी काय? ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. १८८८मध्ये साहाय्यक शिक्षक म्हणून लागले आणि पुढे तीसेक वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. त्यांचे गुरू दोन, आझातो आणि इतोसू. दोघांची नावं ते आयुष्यभर घेत राहिले. दिवसा शाळा, रात्री कंदील घेऊन आझातोंच्या घरी. तिथे अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. गुरू ओसरीवर बसून बघायचे आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणायचे, ‘पुन्हा’. ‘तेक्की’ नावाचे तीन काता आहेत. त्या तिघांवर आपली दहा वर्षं गेली, असं फुनाकोशींनी आत्मचरित्रात सांगितलंय. दहा वर्षं! आपल्याकडे सरकारी शाळांतल्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण येतं ते तीन महिन्यांचं. ते नसावं असं आम्ही म्हणत नाही. पण तीन महिन्यांत काय येतं आणि काय येत नाही, हे मुलींना कुणी सांगतं का?

१९२२ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, फुनाकोशी कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले आणि तिथेच राहिले. राहिले कुठे? ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. पोटासाठी तिथली राखणदारी केली, बाग बघितली, खोल्या झाडल्या. ज्या खोलीत दिवसा मुलांचे वर्ग भरायचे तीच जागा ते कराटे शिकवायला वापरायचे.

आता या माणसाचा फ्लेक्स करायचा झाला तर काय लिहाल? सुवर्णपदक? त्यांचं निधन झालं एप्रिल १९५७मध्ये, आणि जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा भरली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. चढाओढीचे सामने त्यांना पसंतही नव्हते. डान? ती पद्धत त्यांनी जुदोचे जिगोरो कानो यांच्याकडून उचलली, १९२४मध्ये पहिल्यांदा शिष्यांना पदव्या दिल्या, आणि त्यांच्या हयातीत पाचव्या डानच्या वर कुणाला नेलं नाही. आज पाचवी डान आपल्या खांबाखांबावर आहे. (हशा) म्हणजे आपल्या फ्लेक्सच्या मापानं मोजलं तर शोतोकानचा मूळपुरुषच नापास होतो.

यावर कुणी म्हणेल, तो जुना काळ होता. बरं, पुढच्या पिढीकडे येऊ. मासातोशी नाकायामा, जन्म १९१३. ताकुशोकू विद्यापीठात फुनाकोशींकडे शिकले आणि पुढे त्याच विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवत राहिले. जपान कराटे असोसिएशन १९४९मध्ये स्थापन झाली आणि तिथे नाकायामांनी १९५६मध्ये प्रशिक्षकांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. आमच्या मते शोतोकानच्या इतिहासातली ही सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट. तिथे येणारी मुलं आधीच काळ्या पट्ट्याची होती, विद्यापीठाच्या संघांत वर्षानुवर्षं घासलेली होती. तरी त्यांना सांगितलं गेलं की तुम्हाला कराटे येतं, शिकवायला येत नाही. ते आता शिका. मग रोजचा सराव, त्याबरोबर शरीराचा अभ्यास, शिकवण्याचा अभ्यास, निबंध. हिरोकाझू कानाझावा आणि ताकायुकी मिकामी हे तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या काहींपैकी. नंतर अशा प्रशिक्षकांनी अमेरिकेत, युरोपात शोतोकान नेलं.

आता फ्लेक्सवरची ती ओळ परत वाचा. ‘अनुभव वीस वर्षे.’ कशाचा अनुभव? करण्याचा, की शिकवण्याचा? आणि वीस वर्षं म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत शिकत गेलेला माणूस, की पहिलंच वर्ष वीस वेळा गिरवलेला?

पण मंडळी, इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा नाही, आरती होईल. ‘पारंपरिक’ म्हटलं की आपण हात जोडतो. ती परंपराही माणसांनीच, आणि फार जुन्या काळी नव्हे, घडवलेली आहे. इतोसूंनी १९०१च्या सुमारास ओकिनावाच्या शाळांत कराटे आणलं तेव्हा मुलांना झेपावं म्हणून त्याचा अभ्यास सोपा केला. पांढरा गणवेश आणि पट्टे जुदोकडून आले. ‘कराटे’ या शब्दाचा जुना अर्थ ‘चिनी हात’. तो बदलून ‘रिकामा हात’ केला गेला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जपानात राष्ट्रवादाचा जोर असताना. आज ज्या खोल, रुंद उभ्या राहण्याला आपण अस्सल शोतोकान म्हणतो, ते बरंचसं फुनाकोशींचा मुलगा योशिताका याच्या काळात आलं. आणि फूट? फुनाकोशी गेले तेव्हा अंत्यविधी कुणी करायचा यावरूनच शिष्यांत दोन तट पडले. नाकायामा १९८७मध्ये गेले आणि त्यांची संघटना फुटून कोर्टात गेली. तेव्हा ‘आमचंच खरं शोतोकान’ असं कुणी म्हटलं, तर ते तपासून घ्यावं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. जपानच्या विद्यापीठांतल्या कराटे-क्लबांत मारझोडीची रीत होती. थोरल्यांनी धाकट्यांना बडवायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं. तीही परंपराच. कुणी सर लेकराच्या पाठीत काठी घालून ‘हे ट्रॅडिशनल आहे’ म्हणत असतील, तर ती परंपरा आपल्याला नको. फुनाकोशींच्या वीस सूत्रांतलं पहिलं सूत्र आदराचं आहे: कराटेची सुरुवात नमस्कारानं, शेवटही नमस्कारानं.

आता आपल्या दाराशी येऊ. आम्ही शाळेत होतो तेव्हा आम्हाला शिकवणारे सर चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. पहिली पाळी असली की संध्याकाळी वर्ग, दुसरी असली की पहाटे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, ‘पोरांनो, पहिले दोन काता मी माणसाकडून शिकलोय. पुढचे तीन पुस्तकातले फोटो बघून. चुकत असंल.’ त्या काळी नाकायामांच्या पुस्तकातली पानं झेरॉक्स होऊन हातोहात फिरायची. पुढे पुण्याला एक शिबिर झालं. तिथल्या मोठ्या प्रशिक्षकांनी सरांचा चौथा काता मध्येच थांबवला आणि आमच्यासमोर दुरुस्त केला. सर आमच्याच रांगेत येऊन उभे राहिले आणि पहिल्यापासून करायला लागले. परत आल्यावर म्हणाले, ‘मागच्या दोन वर्षांचं विसरा. नव्यानं घेऊ.’ त्यांच्या नावामागे मोठी डान नव्हती. पण कुठे शिकलो, कुठवर शिकलो, आणि कुठे अडलो, हे त्यांनी आम्हाला न विचारता सांगितलं. परिचय याला म्हणतात.

याउलट परवाची गोष्ट. आमच्या घरातली एक मुलगी एका क्लासला जायची. नाव घेत नाही, घ्यायचं कारण नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, दर फीला नवा रंग. दीड वर्षात पट्टे पाच झाले. एक दिवस आम्ही तिला विचारलं, ‘हा हात असा वर का घेतेस गं?’ ती म्हणाली, ‘सर बघतात म्हणून.’ तिची काही चूक नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि काळजीची गोष्ट अशी, की पाच पट्ट्यांमुळे तिला वाटत होतं, रस्त्यात कुणी आडवं आलं तर आपण बघून घेऊ.

दोष एकट्या सरांचा नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून आपण पालकच आधी विचारतो, ‘सर, सर्टिफिकेट कधी?’ गिऱ्हाईक जे मागतं तेच फ्लेक्सवर येतं. आणि कारखान्याची पाळी करून शिकवणं, शाळेत तासावर पीटी घेणं, हे फ्लेक्सवर लपवलं जातं. का लपवता? वसतिगृहाच्या खोल्या झाडणाऱ्यानं लपवलं नाही. लिहा ना: ‘दिवसा कंपनीत, संध्याकाळी वर्ग. अमुक सरांकडे नऊ वर्षं शिकलो, अजून महिन्यातून एकदा जातो.’ आम्ही त्या माणसाकडे लेकरू डोळे झाकून पाठवू.

जाता जाता फुनाकोशींच्या बायकोची गोष्ट. त्यांच्या पत्नीला कुणी रीतसर कराटे शिकवलं नव्हतं. घरात बघून बघून, स्वतः करून ती शिकली. शेजारी हमाल, गाडीवान दारू पिऊन भांडायला लागले की सोडवायला ती जायची. तिच्याकडे पट्टा नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं. आमच्या फ्लेक्सच्या कुठल्याही रकान्यात ती बाई बसत नाही. म्हणून आम्हाला त्या रकान्यांचाच संशय येतो.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातले दोन.)

प्रश्न: म्हणजे पदकाला काही किंमतच नाही का?

आहे ना. स्पर्धा खेळायची असेल तर स्पर्धा खेळलेला माणूसच पाहिजे. पण मग वर ‘स्पर्धात्मक कराटे’ लिहावं. २०२१मध्ये तोक्योच्या ऑलिम्पिकमध्ये कराटे होतं, पॅरिसला २०२४मध्ये नव्हतं. फक्त पदकावर उभा राहिलेला क्लास अशा वेळी मुलांना काय सांगणार? आंदळकरांनी पदकंही आणली आणि पैलवानही घडवले. पण ती दोन वेगळी कामं होती आणि दोन्ही त्यांनी वेगवेगळी केली.

प्रश्न: मी संजयनगरची आहे. मला कराटेतलं काहीच कळत नाही. मी सरांना काय विचारू?

ताई, चार गोष्टी विचारा. सर, तुम्ही कुणाकडे शिकलात आणि किती वर्षं? आता तुम्हाला कोण शिकवतं? तुमच्याकडे सगळ्यात जास्त वर्षं टिकलेली मुलगी कोण, तिच्या आईशी बोलता येईल का? आणि आठवडाभर मी भिंतीशी बसून वर्ग बघितला तर चालेल का? सर चिडले, तर उत्तर मिळालं. सरांनी खुर्ची दिली, तर तेही उत्तरच आहे. ‘सेन्सेई’चा शब्दशः अर्थ आपल्या आधी जन्मलेला, म्हणजे वाटेवर थोडा पुढे असलेला माणूस. पुढे असलेल्याला मागून येणाऱ्यानं वाट विचारली, तर त्यात अपमान कसला?