डार्क मोड आणि हरवलेलं टिंब

उन्हाळ्यात नातेपुत्यात घरी होते. रात्री गच्चीवर टॅबलेटला डार्क मोड लावून मुलाखतींचा टाइप केलेला मजकूर तपासला. हवं होतं ‘विहीर त्यांची’, राहिलं ‘विहीर त्याची’. एक टिंब गेलं आणि चार भावांची विहीर एकाची झाली. चूक गाइडनी पकडली.

दोष डार्क मोडचा? थांबा. रात्र होती, मी दमले होते, मजकूर माझाच होता. एका प्रसंगावरून कारण ठरत नाही. मग अभ्यास काय सांगतात ते बघू.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बुखनर यांच्या गटाने २०१३ साली तरुण आणि वयस्कर लोकांना पडद्यावर प्रूफं तपासायला दिली. पांढऱ्यावर काळी अक्षरं असताना दोघांचंही काम सरस झालं. २०१४ च्या अभ्यासात अक्षर बारीक असताना हा फायदा जास्त दिसला. कारण साधं आहे: उजळ पडद्यापुढे डोळ्याची बाहुली आकसते आणि प्रतिमा रेखीव उमटते. ‘पण अंधारात तरी डार्क बरा ना?’ २००७ मध्ये याच गटाने खोलीतला उजेड बदलून पाहिला, निकाल तोच आला.

आता या अभ्यासांकडे जरा संशयाने बघा. पहिलं, मजकूर रोमन लिपीतला. आपला अर्थ अनेकदा शिरोरेघेवरच्या टिंबात असतो. बारीक अक्षरांचा निष्कर्ष मराठीला जास्तच लागू पडेल असं मला वाटतं. पण ‘वाटतं’ म्हणजे गृहीतक, पुरावा नव्हे. दुसरं, इथे कामगिरी मोजली, डोळ्यांचं आरोग्य नाही. २०१८ मध्ये ट्यूबिंगेनच्या संशोधकांना उलटं चित्र दिसलं: तासभर पांढऱ्यावर काळं वाचल्यावर डोळ्यातला कोरॉइड हा थर पातळ झाला, काळ्यावर पांढरं वाचल्यावर जाड. थर पातळ होण्याचा संबंध मायोपियाशी, म्हणजे लांबचं अंधुक दिसण्याशी, जोडतात. पण तो प्रयोग मोजक्याच लोकांवर होता.

म्हणजे ‘डार्क चांगला की लाइट?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगला, हे आधी विचारा.

मी आता चाळायला डार्क ठेवते. शेवटचं प्रूफ मात्र दिवा लावून, पांढऱ्या पडद्यावर, अक्षर मोठं करून वाचते. तुम्हीही करून बघा: मित्राला एका पानातली दहा टिंबं गुपचूप काढायला सांगा आणि तुम्ही ती शोधा. एक पान डार्कवर, तेवढंच दुसरं लाइटवर. आकडे लिहून ठेवा.